कामाची तारीख आणि कामाचे वेळापत्रक

(भाषणाचा मजकूर)



मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की वर्गणी, देणगीदार, कारागीर आणि मूर्ती यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या एका गोष्टीमुळे असे काम तडीस जाते किंवा रखडते, तिच्याविषयी क्वचितच कोणी बोलतो. ती गोष्ट म्हणजे वेळ. रुपया कमी पडला तर पावती पुस्तक घेऊन पुन्हा दारोदार जाता येते. गेलेला महिना मात्र कोणाच्याही दारात मिळत नाही. म्हणून आजचा विषय असा घेतला आहे की, सार्वजनिक कामाचे वेळापत्रक कसे आखावे आणि आखलेले वेळापत्रक शेवटपर्यंत कसे सांभाळावे.

हा विषय मोठ्या कारखान्यांचा आणि इंजिनिअर मंडळींचा आहे, असा सर्वसाधारण समज असतो. तो बरोबर नाही. रस्त्याने जाताना कितीतरी गावांत अर्धवट राहिलेले सभामंडप दिसतात. खांबांतून वर आलेल्या सळया गंजलेल्या असतात, वाळूच्या ढिगावर गवत उगवलेले असते आणि देव पत्र्याच्या शेडमध्ये बसलेले असतात. दोन पावसाळे असे गेले की गावात कुजबुज सुरू होते, “पैसे गेले कुठे?” पुष्कळदा पैसे कोणी खाल्लेले नसतात. पैसा होता, माणसे होती, श्रद्धाही होती. कोणते काम कोणत्या कामासाठी थांबले आहे, याचा हिशेब तेवढा कोणी ठेवलेला नव्हता. त्यापायी निष्कलंक माणसांवर संशय येतो, पुढच्या कामाला वर्गणी देताना हात आखडतो आणि गावाची एकी मोडते. वेळापत्रकाचे महत्त्व एवढे आहे.

पहिली गोष्ट ही की, तारीख ठरली म्हणजे वेळापत्रक झाले असे होत नाही. बैठकीत कोणीतरी म्हणते, “वैशाखात कलशारोहण करायचे,” टाळ्या पडतात, नारळ फुटतो आणि सर्वांना वाटते की नियोजन झाले. प्रत्यक्षात तेथे फक्त इच्छा व्यक्त झालेली असते. त्या तारखेपासून मागे मागे येत आजच्या दिवसापर्यंतचा प्रत्येक टप्पा कागदावर उतरला म्हणजे वेळापत्रक तयार होते.

ते करण्याची रीत सोपी आहे. प्रथम सर्व कामांची यादी करावी. “मंडप बांधणे” असे मोघम लिहू नये; ज्या कामाचा आरंभ आणि शेवट डोळ्यांनी दिसतो, ते एक काम धरावे. दुसरे, प्रत्येक कामाला किती दिवस लागतील ते लिहावे. तिसरे, आणि हेच सर्वांत महत्त्वाचे, ते काम सुरू होण्यापूर्वी कोणते काम संपलेले असले पाहिजे, ते त्याच्यासमोर लिहावे.

समजुतीसाठी एका मंदिराचे उदाहरण घेऊ. समजा, जुना लाकडी सभामंडप उतरवून नवा सिमेंट काँक्रीटचा बांधायचा आहे, शिखराची दुरुस्ती आहे आणि नवीन पाषाणमूर्ती घडवून आणायची आहे. आठवडे बाजार आणि अमावास्येची गवंड्यांची सुट्टी धरून मंडपाच्या कामाचे दिवस असे निघाले:

१. जुना मंडप उतरवणे – १५ दिवस
२. पाया खोदणे व भरणे – २० दिवस
३. खांब उभे करणे – २५ दिवस
४. सेंटरिंग, सळई बांधणी व स्लॅब ओतणे – २० दिवस
५. तुळयांखाली टेकू ठेवणे व पाणी मारणे – २१ दिवस
६. गिलावा व फरशी – २४ दिवस
७. रंगकाम – १० दिवस

ही सातही कामे एकामागून एकच होऊ शकतात. त्यांची बेरीज १३५ दिवस. शिखराकडे पाहिले तर परांची बांधायला ५ दिवस, दुरुस्तीला ४० आणि रंगाला १०, असे ५५ दिवस. मूर्तीला घडवण्याचे ८० दिवस आणि गावात आणण्याचे ५, असे ८५ दिवस.

आता या तीन साखळ्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. सर्वांत लांब साखळी मंडपाची, १३५ दिवसांची. म्हणजे संपूर्ण काम १३५ दिवसांच्या आत होणे शक्य नाही. मूर्तीच्या कामाला १३५ वजा ८५, म्हणजे ५० दिवसांची सवड आहे. शिखराला ८० दिवसांची सवड आहे. मंडपाला सवड नाही. शिखराचे काम दहा दिवस उशिरा सुरू झाले तर कोणाचे काही बिघडत नाही. पाया दहा दिवस उशिरा भरला तर कलशारोहण दहा दिवस पुढे जाते. ज्या साखळीत सवड नाही, तिला कळीची साखळी म्हणावे. समितीच्या अध्यक्षांनी, चिटणीसांनी आणि खजिनदारांनी रोज सकाळी पहिली चौकशी करावी ती या साखळीची.

हिशेब पुढून जसा करायचा तसा मागूनही करावा. समजा, मुहूर्त ३० एप्रिलचा आहे आणि फेब्रुवारी २८ दिवसांचा आहे. तेथून १३५ दिवस मागे मोजले तर १७ डिसेंबर येतो. त्या दिवशी जुन्या मंडपाचे पहिले कौल उतरलेच पाहिजे. काम १ डिसेंबरला सुरू केले तर १६ दिवस हाताशी राहतात. हे १६ दिवस पहिल्याच महिन्यात उधळून टाकू नयेत. “अजून पुष्कळ वेळ आहे” या शब्दांनी जितकी कामे बुडाली, तितकी पैशाच्या टंचाईनेही बुडाली नसतील. राखीव दिवस राखीव धान्यासारखे ठेवावेत. अडचण आली तरच कणगी उघडावी.

ही रीत कोठून आली हेही जाणून घेणे बोधप्रद आहे. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कामांच्या आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला. प्रत्येक कामासाठी एक पट्टी, ती सुरुवातीच्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत लांब. आजही बहुतेक ठिकाणी तोच तक्ता वापरतात. परंतु नुसत्या पट्ट्यांवरून कोणते काम कोणावर अवलंबून आहे ते दिसत नसे. ती उणीव १९५७ च्या सुमारास भरून निघाली. अमेरिकेतील ड्युपाँ या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड कंपनीचे जेम्स केली यांनी सवड नसलेली साखळी शोधून काढण्याचे गणित बसवले. त्यालाच ‘क्रिटिकल पाथ मेथड’ म्हणतात. एका कारखान्यात देखभालीसाठी यंत्रे बंद ठेवावी लागत, तो काळ या पद्धतीमुळे सुमारे १२५ तासांवरून शंभराच्या आत आला. पुढच्याच वर्षी, १९५८ साली, अमेरिकन नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ नावाची पद्धत काढली. ते काम पूर्वी कोणी केलेले नव्हते, त्यामुळे किती दिवस लागतील हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. म्हणून प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्यायचे ठरले: सगळे सुरळीत झाले तर किती, नेहमीप्रमाणे झाले तर किती आणि अडचणी आल्या तर किती.

हे गणितही गावात उपयोगी पडणारे आहे. मूर्तिकाराला विचारावे. समजा तो म्हणाला, “दगड चांगला निघाला तर ६० दिवस, साधारण ७५ दिवस, आणि दगडात चीर निघून दुसरा आणावा लागला तर १२० दिवस.” मधल्या आकड्याची चौपट करावी, ती ३००. तीत ६० आणि १२० मिळवावेत, ४८० झाले. त्याला सहाने भागले की ८० दिवस येतात. वरच्या उदाहरणातील ८० दिवस असेच आलेले आहेत. अंदाज नेहमी जो काम करणार आहे त्याच्याकडून घ्यावा. समितीतील उत्साही सभासदाने “महिन्यात होईल हो!” असे म्हटले म्हणून दगड लवकर घडत नाही.

कळीची साखळी ओळखल्याने काय साधते, याचे एक ठळक उदाहरण आपल्याच देशातले आहे. डिसेंबर १९६४ मध्ये झालेल्या भीषण चक्रीवादळाने रामेश्वरला जोडणारा पांबनचा रेल्वे पूल उद्ध्वस्त केला. बहुतेक गाळ्यांचे लोखंडी गर्डर समुद्रात गेले. दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत धरली होती, कारण नवे गर्डर बनवून आणण्यातच मोठा काळ जाणार होता. हे काम ई. श्रीधरन या तरुण इंजिनिअरकडे आले. वाहून गेलेले गर्डर समुद्रात जवळच पडलेले आहेत, हे कोळ्यांकडून कळले. ते वर काढून पुन्हा बसवले आणि पूल ४६ दिवसांत सुरू झाला. येथे केवळ मजूर वाढवून किंवा रात्रंदिवस राबून भागले नसते. ज्या एका गोष्टीसाठी सगळे काम थांबणार होते, ती गोष्टच वेगळ्या मार्गाने सोडवली, म्हणून महिने वाचले.

उलट बाजूचे उदाहरण कोकण रेल्वेचे. तेथेही प्रमुख श्रीधरनच होते. १९९० साली महामंडळ स्थापन झाले आणि रोहा ते मंगळूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पाच वर्षांत पुरा करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. नव्वदीच्या वर बोगदे होते. सह्याद्रीच्या कठीण पाषाणातले लांबच लांब बोगदे पुढे सरकले, पण गोव्यातील पेडण्याचा बोगदा अडून बसला. लांबीने तो जेमतेम दीड किलोमीटरचा, पण जमीन पाण्याने भिजलेल्या मऊ मातीची. खणावे आणि ढासळावे असे वर्षानुवर्षे चालले. त्यात कामगारांचे प्राणही गेले. मार्गाच्या वादासारखी विलंबाची इतरही कारणे होती. परंतु दोन्ही बाजूंच्या टप्प्यांवर गाड्या धावू लागल्या तरी पेडण्याने वाट अडवून धरली होती. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर गाडी धावली. कामाचा आकार पाहून त्याचे महत्त्व ठरवू नये, हा धडा त्यातून घ्यावा. गावच्या कामातही कधी कधी एका दगडी चौकटीसाठी सगळा मंडप खोळंबतो.

घाई करायची वेळ आली तर पैसा कोठे लावावा, याचे उत्तरही याच साखळीत मिळते. काम मागे पडले की समिती घाबरून सगळीकडे माणसे वाढवते. शिखरावर चार रंगारी जास्त लावले तर मजुरी वाढेल, कलशारोहण एक दिवसही अलीकडे येणार नाही, कारण शिखराला सवड आहेच. तेच पैसे सेंटरिंगच्या सुतारांवर लावले आणि २० दिवसांचे काम १५ दिवसांत झाले, तर पाच दिवस खरोखर वाचतात. मात्र काही दिवस पैशाने विकत मिळत नाहीत. सहा मीटरहून अधिक लांब गाळ्याच्या तुळयांखालचे टेकू साध्या सिमेंटच्या कामात २१ दिवस ठेवावेत, असे काँक्रीटच्या भारतीय मानकात सांगितले आहे. तारीख गाठण्यासाठी टेकू लवकर काढणे म्हणजे माणसांच्या डोक्यावर संकट टांगून ठेवणे होय. ज्या मंडपात उद्या सप्ताहाला पाचशे माणसे बसणार, तेथे ही तडजोड कोणीही करू नये. अशा वेळी मुहूर्त पुढे ढकलावा. देव रागावणार नाही.

हे २१ दिवस वायाही जाऊ देऊ नयेत. स्लॅबवर पाणी मारायला एक-दोन माणसे पुरतात, मंडपाचे गवंडी रिकामे असतात. त्यांनाच शिखराकडे वळवले तर दुरुस्तीचे निम्म्याहून अधिक काम त्या दिवसांत उरकते, आणि उरलेले दोन गवंडी सावकाश पुरे करू शकतात. शिखर पहिल्या दिवसापासून हाती घेतले असते तर तेच गवंडी पायाच्या कामाला कमी पडले असते. कागदावर दोन कामे एकाच वेळी होतात. माणूस मात्र एकाच ठिकाणी असतो. वेळापत्रक आखताना माणसांचीही यादी समोर असावी. सुगी, लग्नसराई, गावची यात्रा, शिमग्याला घरी जाणारे मजूर, हे सर्व आधीच तक्त्यात आले पाहिजे. दरवर्षी येणाऱ्या गोष्टीला “अचानक आली” असे म्हणता येत नाही.

आणखी एक काम बहुतेक याद्यांतून सुटते, ते कागदाचे. नकाशा, अंदाजपत्रक, ग्रामपंचायतीची परवानगी, विजेची जोडणी, आणि मंदिर सार्वजनिक न्यासाचे असून जमीन विकून पैसा उभा करायचा असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी. या प्रत्येकाला दिवस लागतात. शाळेची खोली किंवा पाण्याची टाकी यांसारखे सरकारी निधीचे काम असेल तर तांत्रिक मंजुरी, निविदा आणि मोजमाप पुस्तकातील नोंदी यांनाही दिवस लागतात, आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते हे कोणासाठी बदलत नाही. अर्ज दिला म्हणजे काम झाले असे समजू नये. अर्ज केव्हा दिला, आवक क्रमांक काय मिळाला, त्रुटी निघाल्यास त्या कोण पुरवणार आणि स्मरणपत्र कोणत्या तारखेला द्यायचे, हे चारही रकाने वेळापत्रकात असावेत. ज्या दिवशी खड्डा खणायचा त्या दिवशी परवानगीची आठवण होणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

वेळापत्रक आखून झाले की निम्मेच काम झाले. ते सांभाळणे हे उरलेले निम्मे. त्यासाठी आठवड्यातून एक दिवस ठरवावा, शनिवार संध्याकाळ म्हणा, आणि बैठक अर्ध्या तासात संपवावी. विचारायचे प्रश्न तीनच. या आठवड्यात जे संपायचे होते ते संपले का? पुढच्या आठवड्यात जे सुरू व्हायचे आहे त्याचे सामान, माणसे आणि पैसे तयार आहेत का? कोणाचे काम कोणासाठी अडले आहे? मागच्या भांडणांची उजळणी आणि पुढच्या भोजनाचा बेत यांसाठी वेगळी बैठक घ्यावी.

प्रगती विचारताना “किती झाले?” असे विचारू नये. “नव्वद टक्के झाले” हे उत्तर तीन-तीन आठवडे मिळत राहते. “किती खांब पूर्ण झाले? किती राहिले?” असे विचारावे. बारांपैकी सात खांब म्हणजे सात. आठव्याची सळई बांधून तयार असली तरी तो मोजू नये.

मूळ तक्त्यातील तारखा खोडून नव्या लिहू नयेत. मूळ तारीख तशीच ठेवून तिच्या खाली प्रत्यक्ष तारीख वेगळ्या शाईने लिहावी. खाडाखोड केली की उशीर दिसेनासा होतो, आणि जो उशीर दिसत नाही तो भरूनही काढता येत नाही. शिवाय हाच तक्ता जपून ठेवला तर पुढच्या कामाला खरा अंदाज घरच्या घरी मिळतो. खांबांना २५ दिवस धरले होते आणि ३१ लागले, तर पुढच्या पिढीने ३१ धरावेत.

प्रत्येक कामासमोर एका माणसाचे नाव असावे. “समिती पाहील” असे लिहिले की ते कोणीच पाहत नाही. तसेच तक्ता चिटणीसांच्या पेटीत राहू नये. चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीवर, येता-जाता सर्वांना वाचता येईल असा तो लावावा आणि शेजारी काळ्या फळ्यावर रोज सकाळी एक आकडा लिहावा, “उरलेले दिवस”. दिल्ली मेट्रोच्या कामावर असेच उरलेले दिवस दाखवणारे फलक लावलेले असत. मुलगा शाळेत जाताना तो आकडा वाचतो आणि घरी जाऊन सांगतो. मग घरातील कर्त्यालाही आपली राहिलेली वर्गणी आठवते.

शेवटी एका नाजूक गोष्टीविषयी. काम मध्यावर आले की एखादे भाविक सद्गृहस्थ पुढे येतात आणि म्हणतात, “फरशी संगमरवरी घाला, खर्च माझा.” त्यांचा भाव निर्मळ असतो आणि समितीला नकार देणे जड जाते. परंतु संगमरवर मागवण्याचे, आणण्याचे आणि बसवण्याचे दिवस वेगळे. त्याची जाडी वेगळी असली तर उंबरठ्याची उंचीही बदलते. म्हणून अशी सूचना आली की हो किंवा नाही म्हणण्यापूर्वी त्या गृहस्थांनाच तक्त्यापाशी आणावे आणि दाखवावे, “दादा, आपली देणगी आम्हांला शिरोधार्य आहे, पण त्यामुळे कलशारोहण इतके दिवस पुढे जाते.” मग गावाने सर्वांसमक्ष निर्णय घ्यावा. बहुतेक वेळा तेच गृहस्थ म्हणतात, “मग राहू द्या, भक्तनिवासाला देतो.” तक्ता भिंतीवर असला की नकार माणसाला द्यावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

मंडळी, देऊळ पुरे झाले की गावापुढे दुसरे काम उभे राहते. कोठे शाळेची खोली, कोठे स्मशानशेड, कोठे नळपाणी योजना. प्रत्येक वेळी पैसा नव्याने गोळा करावा लागतो. पण वेळेचा हिशेब ठेवण्याची सवय एकदा गावाला लागली की ती पुन्हा वर्गणी काढून आणावी लागत नाही. म्हणून तरुण मित्रांनी एवढे करावे. पुढच्या कामाचा नारळ फुटण्यापूर्वी एक मोठा कागद घ्यावा, कामे लिहावीत, दिवस लिहावेत, कोण कोणासाठी थांबणार ते लिहावे आणि सवड नसलेल्या कामांखाली लाल रेघ ओढावी. ती लाल रेघ सांभाळली म्हणजे ठरलेल्या तिथीला कळस चढतो आणि देव वेळेवर आपल्या घरी येतात.